कॅरलच्या वाढदिवसाचं पोर्क

उल्हासकाका बेहेरे मूळचे सांगलीचे. एक्क्याऐंशी साली एम.एस. करायला टेक्सासला आले आणि मग अर्विंगलाच राहिले. एका कंपनीत पुलांचे नकाशे तपासायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. कमी बोलणारे, वेळेचे पक्के आणि कट्टर शाकाहारी. केकसुद्धा अंडं नाही ना हे विचारून खाणारे. आणि लग्न केलं ते लफकिनच्या कॅरलशी. लफकिन म्हणजे ईस्ट टेक्सासमधलं लाकूडतोड्यांचं गाव. तिथे ताटात मांस नसेल तर घरात कोणी आजारी आहे का असं विचारतात.

आम्ही अर्विंगला आलो तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा हे दोघं दिसले. कॅरलकाकू वाढत होत्या. 'बस', 'पुरे' आणि 'अजून थोडं' एवढं मराठी त्यांना उत्तम यायचं, आणि वाढायला तेवढं पुरतं. मी आणि माझा नवरा राजीव त्यांच्या मुलीच्या वयाच्या जवळपासचे, त्यामुळे आमच्यासाठी ते लगेच काका-काकू झाले.

त्या घरात दोन स्वयंपाक होते. काका स्वतःचं वरण, भात, उसळ स्वतः करायचे आणि काकू तेही आवडीने खायच्या. पण घरात कुणाचा वाढदिवस असला की काकू सकाळीच स्लो कुकर, म्हणजे तासन्‌तास सावकाश शिजवणारं विजेचं भांडं, लावायच्या. डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा, त्याला लसूण आणि सेज नावाचा उग्र वासाचा पाला चोळायचा आणि मंद आचेवर दहा तास सोडून द्यायचा. शेवटच्या तासात त्यावर ब्राऊन शुगर, व्हिनेगर आणि सोया सॉसचा घट्ट पाक ब्रशने लावत राहायचं, म्हणजे वरून चकचकीत, गडद थर येतो. मुलगी सावनी लहानपणी तो थर बोटाने खरवडून खायची म्हणे.

काकांना तो वास सहन व्हायचा नाही. ते खिडक्या उघडायचे. जानेवारीतसुद्धा. एका वाढदिवसाला काकूंनी तो कुकर उचलला आणि गॅरेजमध्ये, कपडे वाळवायच्या मशीनवर नेऊन ठेवला. "आता तू खूश, मी खूश," असं हसत हसत म्हणाल्या. पुढची वीस वर्षं तो तिथेच होता. काकांनी ही गोष्ट मला नंतर तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा 'हसत हसत' या शब्दाशी ते थांबले.

दोन हजार वीसच्या नोव्हेंबरमध्ये काकू कोविडने गेल्या. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या आणि भेटायला कुणालाही आत सोडत नव्हते. सावनी टल्साला, ओक्लाहोमात, एका हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वास सांभाळणं हेच तिचं काम. ते सगळं वर्ष ती दुसऱ्यांच्या आईवडिलांच्या उशाशी उभी होती. स्वतःच्या आईच्या वेळी मात्र ती चार तासांवर, ड्युटीवर होती. अंत्यविधीला आम्ही नऊ माणसं होतो, सहा-सहा फुटांवर.

पंधरा फेब्रुवारी हा काकूंचा वाढदिवस. दोन हजार एकवीसमध्ये तो सोमवारी आला आणि त्या दिवशी सरकारी सुट्टी होती. सावनीने फोन करून सांगितलं, "बाबा, मी येते. आपण काही करायचं नाही. जस्ट बसू."

"बरं," काका म्हणाले. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं.

रेसिपी कुठे लिहिलेली नव्हती. काकांनी सगळे ड्रॉवर शोधले आणि शेवटी काकूंच्या बहिणीला, डार्लीनला, लफकिनला फोन लावला. डार्लीन बोलत होती आणि काका आलेखाच्या कागदावर लिहून घेत होते.

"ब्राऊन शुगर किती?"

"हनी, ती कधी मोजायची नाही."

"अंदाजे?"

"पुरेल इतकी."

"आणि शिजलं हे कसं कळायचं?"

"काटा आपोआप आत जातो. कळतं ते."

काकांनी लिहिलं: 'कळतं'. आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तो कागद मी पाहिलाय.

शुक्रवारी ते दुकानात गेले. चाळीस वर्षं त्याच दुकानात जात होते, पण मांसाच्या काउंटरसमोर आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, शोल्डर हवं की लॉइन, म्हणजे खांद्याचं की पाठीचं, हाडासकट की बिनहाडाचं? काकांच्या मागे रांग होती. वादळ येणार म्हणून सगळं गाव ब्रेड आणि पाणी घ्यायला आलं होतं. त्यांनी तिथूनच पुन्हा डार्लीनला फोन लावला, तिने उचलला नाही. मग ते म्हणाले, "बायको करायची तसं." त्या माणसाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तीन पौंडांचा एक तुकडा बांधून दिला.

सावनी शनिवारी पोचली. रविवारी बर्फ पडायला लागला आणि सोमवारी उजाडलं तेव्हा बाहेर पारा सात डिग्रीवर होता, फॅरनहाइट; म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे चौदा. टेक्सासमध्ये असं होत नाही. आमच्या घरांच्या भिंती उन्हासाठी बांधलेल्या, थंडीसाठी नाहीत.

पावणेसातला काकांनी कोविडसाठी आणलेले हातमोजे घातले, एकावर एक दोन जोड. गॅरेजमधून कुकर आत आणला आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर, मधोमध ठेवला. मांसाला लसूण आणि सेज चोळताना दोनदा सिंककडे जाऊन उभे राहिले. पण केलं. वाटीत पाकाचं साहित्य कालवून ठेवलं. खिडकी उघडली नाही.

साडेआठला सावनी खाली आली. पायरीवरच थांबली.

"बाबा, हा कसला वास येतोय?"

"पोर्क लावलंय."

"कोणी?"

"मीच. संध्याकाळी पाचला होईल. झाकण उघडू नकोस. एकदा उघडलं की अर्धा तास वाढतो असं डार्लीन म्हणाली."

ती ओट्यापाशी आली. कुकरला हात लावला, तो कोमट होत होता. मग वाटीतल्या पाकात बोट बुडवून चाखलं.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"क्लोज," ती म्हणाली. "बाबा, काहीतरी राहिलंय. आई काय घालायची अजून?"

काका काय सांगणार? छत्तीस वर्षं त्या घरात ते शिजत होतं आणि त्यांनी एकदाही वाटीत डोकावून पाहिलं नव्हतं. "मला माहीत नाही गं," ते म्हणाले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली.

आधी कुणाला काही वाटलं नाही. रेडिओवर सांगत होते की भार जास्त झालाय, पाळीपाळीने पंधरा-वीस मिनिटं वीज बंद करतायत. काकांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली. पावणेदहा झाले. दहा झाले. त्यांचं घर सगळं विजेवर; शेगडी, हीटर, गरम पाणी, सगळं. फायरप्लेस होती, पण वारा येतो म्हणून काकांनीच ती दहा वर्षांपूर्वी विटांनी बंद करून घेतली होती.

त्यांनी कुकरभोवती रजई गुंडाळली, वर दोन टॉवेल आणि त्यावर काकूंचा हिवाळी कोट. झाकणाच्या कडेने थर्मामीटरची सळई आत घातली आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायला लागले. एकशे सेहेचाळीस. एकशे त्रेचाळीस. एकशे एकोणचाळीस.

"बाबा," सावनी म्हणाली, "एकशेचाळीसच्या खाली गेलं की दोन तास. मग फेकावं लागतं. अर्धवट शिजलेलं पोर्क आहे हे."

"येईल लाईट."

"आणि नाही आली तर?"

"पाळीपाळीने जातेय म्हणाले ना. आपली पाळी संपली की येईल."

ती वर गेली आणि सापडतील तेवढी पांघरुणं घेऊन आली. घरातलं तापमान अडुसष्टचं साठ झालं, मग चोपन्न. काकांनी वीज कंपनीचा नंबर फिरवला. एक बाई रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजात सांगत होती की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चाळीस मिनिटं ते कानाला फोन लावून उभे होते. शेवटी सावनीने फोन हातातून काढून घेतला, कारण बॅटरी निम्म्यावर आली होती.

दुपारी एक वाजता आकडा एकशे आठ होता. दोन तास उलटून गेले होते. सावनीने कुकरवरचा कोट उचलला, घडी केला आणि खुर्चीवर ठेवला. "इट्स ओके, बाबा. शी नोज यू ट्राइड. आपण पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्षी कशाला? आज आहे तिचा वाढदिवस."

"आय नो आज आहे."

"पुन्हा चांगलं तापवलं तर जंतू मरतील ना?"

"नाही, बाबा. त्यांचं विष राहतं. मी सांगितलं ना तुम्हाला!" तिचा आवाज चढला. मग ती पांघरूण गुंडाळून वर जाऊन पडली. सबंध वर्षात लागोपाठ तीन दिवस सुट्टी तिला पहिल्यांदाच मिळाली होती आणि अंगात त्राण नव्हतं.

इथून पुढचं काकांनी मला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते.

मागच्या अंगणात काकूंची कोळशाची ग्रिल होती, बर्फाने झाकलेली. कोळशाची अर्धी पिशवी शेडमध्ये होती. काकांनी ग्रिल झाडून काढली, कोळसे भरले, काड्या ओढल्या. वारा असा होता की काडी हातातच विझायची. अर्धी पेटी संपली. बोटं बधिर झाली. एकदा कोळशाने जरा धग धरली आणि बर्फाचा एक झोत येऊन सगळं पुन्हा काळं झालं.

मग त्यांनी ती ग्रिल ओढत गॅरेजमध्ये आणली. दार दोन वीत उघडं ठेवलं. आत वारा नव्हता. कोळसे पेटले, छान लाल झाले. त्यांनी मांस जाड पत्र्याच्या भांड्यात काढलं, झाकण घातलं आणि ग्रिलवर ठेवलं. स्वतः एक बादली उपडी घालून शेजारी बसले. सकाळपासून पहिल्यांदा हातांना ऊब मिळाली होती. जरा डोकं दुखत होतं, पण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल असं त्यांना वाटलं. वारा आत येऊ लागला म्हणून उठून त्यांनी दार आणखी खाली ओढलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं का, काका?" मी विचारलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "बंद जागेत पेटवू नका, विषारी वायू होतो, असं कोळशाच्या पिशवीवर लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं. पण त्या वेळी ते मला लागू होतंय असं वाटलं नाही. मला फक्त पाच वाजायच्या आत ते करायचं होतं."

सावनी पाणी प्यायला खाली आली. गॅरेजच्या घरातल्या बाजूच्या दारातून कोळशाचा वास आला. तिने दार उघडलं तर काका बादलीवर बसलेले, हनुवटी छातीला टेकलेली. तिने हाक मारली. त्यांनी "हं" म्हटलं, पण मान वर केली नाही.

तिने पळत जाऊन गॅरेजचं बाहेरचं मोठं दार दोन्ही हातांनी वर ढकललं. काकांना काखेत धरून बाहेर ओढलं, ड्राइव्हवेवर, बर्फात. मग परत जाऊन फावड्याने बर्फ ओढून ग्रिलवर टाकला. सगळं भांडं, मांस, कोळसे, धूर. काका गुडघ्यांवर बसून ओकत होते.

"श्वास घ्या! बाबा, खोल. अगेन. अगेन."

"वारा नव्हता गं आत," ते म्हणाले. "पेटत होतं."

"आय डू लंग्ज फॉर अ लिव्हिंग!" ती ओरडली. "मी रोज हेच करते, बाबा! रोज! आणि तुम्ही माझ्या घरात... यू वॉन्ट मी टू लूज यू टू? टुडे?" तिने त्यांच्या जॅकेटची कॉलर दोन्ही मुठीत धरली होती आणि ती त्यांना हलवत होती.

तिने ९११ला फोन केला. तिकडून सांगितलं की अॅम्ब्युलन्स यायला दोन तास लागतील, कदाचित जास्त. पेशंट शुद्धीवर आहे का? आहे. बोलतोय का? बोलतोय. मग त्याला मोकळ्या हवेत ठेवा, झोपू देऊ नका. तिने फोन ठेवला. तिला हे सगळं माहीतच होतं. ती आपल्या पेशंटच्या घरच्यांना हेच सांगते.

तिची गाडी ड्राइव्हवेवर उघड्यावर उभी होती. तिने मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढला, गाडी सुरू केली, वडिलांना पुढच्या सीटवर बसवलं, खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या आणि हीटर पूर्ण लावला. दर पाच मिनिटांनी ती त्यांना काहीतरी विचारत होती, झोप लागू नये म्हणून. आज वार कोणता? सांगलीच्या शाळेचं नाव काय? माझा जन्म कधीचा? काका बरोबर उत्तरं देत होते.

मग तिने विचारलं, "आईशी शेवटचं काय बोललात?"

हे तिने आधी कधी विचारलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की शेवटच्या दिवशी नर्सने व्हिडिओ कॉलसाठी आईसमोर टॅब्लेट धरला होता आणि बाबांना चार मिनिटं मिळाली होती. तिची चार मिनिटं वेगळी होती. ती तिने आपल्या हॉस्पिटलच्या स्टोअररूममध्ये उभं राहून घेतली होती.

काकांनी हीटरसमोर धरलेले हात खाली घेतले.

"पन्हळी साफ करून घेतल्या म्हणून सांगितलं," ते म्हणाले.

"व्हॉट?"

"छपराच्या पन्हळी. पानांनी भरल्या होत्या. ती सप्टेंबरपासून मागे लागली होती. मी सांगितलं, माणूस आला होता, दोन्ही बाजू साफ केल्या. नर्स म्हणाली, ऐकू येतंय त्यांना, बोला. मला पुढे काही सुचेना. मी पुन्हा सांगितलं, दोन्ही बाजू. मग वेळ संपली."

सावनीने तोंडावर हात धरला. काकांना आधी वाटलं ती हसतेय, आणि ती हसतही होती, पण मग ते हसणं राहिलं नाही. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी नर्सला ऑक्सिजनचं सेटिंग विचारलं," सावनी म्हणाली. "माझ्या चार मिनिटांत. म्हटलं, स्क्रीन दाखव. मला आकडे बघायचे होते. आय लुक्ड अॅट द नंबर्स, बाबा. आईकडे बघितलंच नाही मी."

पेट्रोल जपायचं होतं, म्हणून थोड्या वेळाने तिने गाडी बंद केली. काचेवर आतून वाफ धरू लागली तेव्हा दोघं घरात गेले.

त्या दिवशी लाईट आलीच नाही. मंगळवारीही नाही, मंगळवारी तर पारा शून्याच्या खाली गेला. दोघं एका खोलीत, सगळे कपडे अंगावर चढवून, कोरडी शेव आणि बिस्किटं खाऊन राहिले. बुधवारी दुपारी तीन तास आली, पुन्हा गेली आणि गुरुवारी सकाळी आली ती राहिली. तोवर वरच्या बाथरूममधला पाइप फुटून खालच्या छताला मोठा फुगा आला होता. काका त्याच्याखाली बादली ठेवून उभे होते. तीस वर्षं पुलांची ताकद तपासणारा माणूस, आणि त्यांना घराचा मुख्य नळ फिरवता येईना, कारण बाहेरचं त्याचं झाकण बर्फात घट्ट बसलं होतं.

मांस सावनीने सोमवारीच काळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. कचऱ्याची गाडी नऊ दिवस आली नाही.

आम्ही त्यांच्यापासून चार मैलांवर. आमच्या गल्लीतली लाईट एकदाही गेली नाही. जवळ अग्निशमन केंद्र आहे म्हणे, त्याच तारेवर आम्ही आहोत. आमच्याकडे शेगडी गॅसची. सोमवारी दुपारी मी भजी तळत होते. काकांना फोन करावा असं दोनदा मनात आलं, पण सावनी आलेली आहे, बापलेकीला बसू दे, असं म्हणून केला नाही. त्यांनीही केला नाही. मी नंतर रागावले तेव्हा म्हणाले, "रस्ते बर्फाचे. राजीव गाडी काढून आला असता आणि घसरला असता तर?" राजीव आला असता, हे खरंच होतं.

रस्ते मोकळे झाल्यावर, शनिवारी, सावनी निघाली. निघताना म्हणाली, "बाबा, टल्साला चला. कायमचे."

"बघू."

"बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू."

मे महिन्यात ते दोन आठवडे जाऊन आले. तिची ड्युटी बारा-बारा तासांची. ते दिवसभर तिच्या अपार्टमेंटमध्ये बसून राहायचे आणि ती आली की दोघं मुगाची खिचडी खायचे. परत आल्यावर मला म्हणाले, "तिथे मी तिला बघत होतो आणि ती मला. दोघांनाही दुसरं काम उरलं नव्हतं." छत दुरुस्त झालं. एक डाग राहिला, तो रंगाऱ्याला दोनदा बोलावूनही जात नाही.

पुढच्या वर्षी पंधरा फेब्रुवारीला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले, एकटे नकोत म्हणून. सावनीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकांनी स्पीकर लावला.

"कसे आहात, बाबा?"

"बरा आहे. तू?"

"ओके. ड्युटीवर निघतेय." मग तिने विचारलं, "हवा कशी आहे तिकडे?"

"सत्तर डिग्री," काका म्हणाले. "ऊन आहे."

"इकडे पण."

"छान," काका म्हणाले. आणि फोन तसाच हातात धरून बसले, ती ठेवेपर्यंत.